‘तुझा स्वभाव धंद्याचा नाही’ हे मी ४ वर्षं खरं मानलं

माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यात हिंजवडीला नोकरीला आहे, ६ वर्षं झाली त्याला. मागे एका शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने आला, साडेदहाला घरी पोचला, मी ताट वाढलं तर भाकरीचा तुकडा मोडायच्या आधी फोन पुढे केला. "मावशी, हे बघ की." कुठल्यातरी वेबसाइटवर त्याने एक टेस्ट दिली होती, ६० प्रश्न, आणि शेवटी निकाल आला होता की उद्योजक होण्यासाठी तुमचं व्यक्तिमत्त्व ४३ टक्के योग्य आहे. नोकरी सोडायची, सोलापूरला यायचं, इथली कडक भाकरी आणि शेंगा चटणी चांगली पॅक करून पुण्यात विकायची असं त्याच्या डोक्यात वर्षभर घोळतंय. आणि त्या ४३ आकड्याने पोरगं दोन रात्री झोपलेलं नव्हतं. "माझा स्वभाव धंद्याचा नाहीच का गं?"

ते ऐकून पोटात कालवलं माझ्या. हेच वाक्य मला २०१३ मध्ये घरच्यांनी, शेजारच्यांनी, माहेरच्यांनी, सगळ्यांनी ऐकवलं होतं, आणि मी ते ४ वर्षं खरं मानून बसले होते. ती ४ वर्षं मला अजून लागतात मनाला. म्हणून हे त्याच्यासाठी लिहितेय, आणि त्याच्यासारखं रात्री अंथरुणात फोन धरून "मी उद्योजक होऊ शकेन का" असं शोधणाऱ्या सगळ्यांसाठी.

आधी माझं सांगते. लग्नाआधीपासून मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात हिशेबाला होते, ७ वर्षं. टॉवेलचा धंदा वजनावर चालतो, डझनाला किती किलो भरतो यावर भाव, त्यामुळे हातात घेतला की वजन कळायचं मला. कुणाचा माल धुतल्यावर आकसतो, कोण सुतात काटकसर करतो, सगळं माहीत. मग वाटलं आपणच दुकान का टाकू नये, माल कुठून घ्यायचा ते कळतं, हिशेब येतो, अजून काय पाहिजे. २०११ च्या दिवाळीत नवी पेठेजवळ एका बोळात गाळा भाड्याने घेतला, चादरी, टॉवेल, नॅपकिन. किरकोळ पण आणि लातूर, विजापूर, कलबुर्गीकडच्या दुकानदारांना थोडा होलसेल पण.

दीड वर्षात बंद केलं. २ लाख ४० हजार गेले, त्यात माझ्या २ बांगड्या होत्या.

काय झालं ते तेव्हा मला नीट सांगता येत नव्हतं, नुसतं वाटायचं आपण कमी पडलो. गिऱ्हाईक चादर उलगडून बघायचं, ८०० ची ४५० ला मागायचं, मी एकच भाव सांगून गप्प राहायचे, ते उठून जायचं. दिवसभर असं झालं की संध्याकाळी डोकं ठणकायचं. आणि होलसेलवाले माल न्यायचे आणि पैसे पुढच्या महिन्यात म्हणायचे, पुढच्या महिन्यात फोन करायचा म्हटलं की माझा हात फोनपर्यंत जायचा आणि परत यायचा, कारण समोरच्याला वाईट वाटेल, त्याची पण अडचण असेल. सासरे म्हणाले, "धंदा रक्तात असावा लागतो बाळ, आपण नोकरदार माणसं." मामांचा हेतू वाईट नव्हता, ते मला सावरतच होते. पण ते वाक्य माझ्यात रुतून बसलं.

रक्तात असावा लागतो हे आपल्या सोलापुरात सगळेच म्हणतात, व्यापाऱ्याच्या घरात जन्म झाला की धंदा आपोआप येतो असं. आता बघा, वालचंद हिराचंद आपल्याच गावचे, १८८२ सालचा जन्म सोलापूरचा. घरी सावकारी पेढी आणि कापसाचा व्यापार, म्हणजे रक्तात धंदा म्हणाल तर काठोकाठ. पण त्यांचं मन त्या घरच्या धंद्यात रमलंच नाही. ते बाहेर पडले आणि रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक यांच्यासोबत भागीदारी करून रेल्वेची बांधकामाची कंत्राटं घ्यायला लागले, सुरुवातीचं काम आपल्या बार्शी लाइट रेल्वेचं. पुढे १९१९ ला सिंधिया जहाज कंपनी, १९४० ला बंगळूरला विमानाचा कारखाना, १९४४ ला प्रीमियर मोटारी, हे सगळं आपण शाळेपासून ऐकतो आणि छाती फुगते. पण मला त्या जहाज-विमानांपेक्षा सुरुवातीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पेढीवर बसायचा स्वभाव नाही हे या माणसाने ओळखलं आणि त्यावरून "मी धंद्याचा नाही" असं ठरवलं नाही, धंदा बदलला. आणि बदलताना रेल्वेचं आतलं काम जवळून बघितलेला माणूस सोबत घेतला. हे दोन निर्णय मला २०१३ मध्ये कुणी नीट समजावून सांगितले असते तर...

असो. दुकान बंद झाल्यावर मी एका युनिफॉर्मच्या युनिटमध्ये हिशेबाला लागले. सोलापुरात आता शाळांचे गणवेश शिवणारी पुष्कळ युनिटं झालीत, माल पार कर्नाटक, तेलंगणात जातो. या धंद्याचा सीझन म्हणजे मार्च ते जून, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत माल पोचला पाहिजे, नाही पोचला तर पुढच्या वर्षी ती शाळा तुमची नाही. २०१७ च्या मे महिन्यात आमच्याकडे एका ऑर्डरचे ३२०० शर्ट होते, २२ नंबरपासून ४० नंबरपर्यंत साइज, आणि साइजचा रेशो चुकलेला, म्हणजे ३० आणि ३२ कमी कापलेले, ३६ ढिगाने पडलेले, कटिंग मास्तर आणि सुपरवायझर एकमेकांवर ओरडायलेत आणि मालक बाहेरगावी. मला कुणीच काही सांगितलं नव्हतं, माझं काम फक्त बिलांचं. पण मी संध्याकाळी ६ ला बसले ते रात्री ११ पर्यंत शाळेच्या यादीवरून वर्गवार, साइजवार तक्ता केला, कापड किती शिल्लक आहे ते ठाणं मोजून लिहिलं, कुठल्या थरात कुठली साइज टाकली तर कापड पुरेल ते मास्तरांना विचारून विचारून मांडलं. माल वेळेत गेला. मास्तर म्हणाले, "मॅडम, हे तुमचं काम आहे की, तुम्ही तिकडं कागदं का कराय बसला?"

घरी येताना सात रस्त्याला रिक्षा सिग्नलला थांबली होती आणि मला एकदम जाणवलं की या ५ तासात मी एकदाही थकले नाही. दुकानात गिऱ्हाइकासमोर १० मिनिटं बसले की थकायचे, इथं ५ तास. तेव्हा पहिल्यांदा शंका आली की सगळ्यांनी सांगितलेलं चुकीचं असेल.

मग मी एक केलं, आणि मला वाटतं स्वतःला ओळखायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मी केलं नाही. माळ्यावरून त्या बंद दुकानाच्या वह्या काढल्या. रोजमेळ, खतावणी, स्टॉकची वही. ४ वर्षं हात लावला नव्हता, बघवत नव्हत्या. परक्या बाईच्या वह्या आहेत असं समजून वाचल्या. स्टॉकमध्ये दीड वर्षात एका नॅपकिनचाही फरक नाही. खरेदीचा भाव शेजारच्या दुकानांपेक्षा नेहमी कमी, कारण माल पारखून घेतलेला. मालवाल्याचे पैसे एकदाही उशिरा दिलेले नाहीत. आणि उधारीची पानं उघडली तर नावं आहेत, रकमा आहेत, पण वसुलीसाठी कधी फोन केला, कधी भेटले, तो रकाना कोराच्या कोरा. पान उलटत गेले, कोरा, कोरा, कोरा. त्या रात्री मी रडले, पण त्यात एक सुटल्यासारखं पण होतं, कारण आता "मी धंद्याची नाही" हे वाक्य उरलं नव्हतं, त्याच्या जागी साधी गोष्ट होती की या बाईला माल कळतो, मोजमाप कळतं, वेळ पाळता येते, घासाघीस झेपत नाही आणि पैसे मागता येत नाहीत.

आपण स्वतःबद्दल काय समजतो त्यावर विश्वास ठेवू नका असं मी सांगेन. टेस्टमध्ये प्रश्न असतो, "तुम्ही जोखीम घेता का?" मूड चांगला असेल तर आपण हो म्हणतो, बॉसने झापलं असेल त्या दिवशी तर हजार वेळा हो म्हणतो. पण मागच्या वर्षात तुम्ही खरोखर काय केलं ते वहीत, बँकेच्या पासबुकात, फोनच्या कॉल लिस्टमध्ये लिहिलेलं असतं, ते मूडप्रमाणे बदलत नाही. कुणी न सांगता तुम्ही काय केलंत? काय चारदा पुढे ढकललंत? कुठल्या कामात वेळ गेलेला कळला नाही? धंदा कधी केलाच नसेल तर बचत गट बघा, गणपती मंडळ बघा, सोसायटीचा मेंटेनन्स गोळा करणं बघा, घरातलं लग्न बघा. आमच्या बचत गटात १२ बायका आहेत, त्यात एक हप्ता गोळा करते, एक वही लिहिते, एक भांडण मिटवते आणि एक दर महिन्याला नवीन काहीतरी करू या म्हणते. ४ जणींचे ४ स्वभाव, चौघीही धंदा करू शकतात, पण एकच धंदा चौघींना द्याल तर तिघी बुडतील.

दुसरी गोष्ट केली ती लोकांना विचारायची. पण "मी कशी आहे?" असं विचारलं तर कुणी खरं सांगत नाही, चांगलीच आहेस म्हणतात. म्हणून मी ५ जणांना एकच विचारलं, तुमचं कुठलं काम तुम्ही डोळे झाकून माझ्यावर सोपवाल, आणि कुठलं कधीच सोपवणार नाही? जुने कारखान्याचे मालक, कटिंग मास्तर, बहीण, गटाच्या अध्यक्ष, आणि माझी धाकटी जाऊ. चौघांची पहिली उत्तरं थोड्याफार फरकाने सारखी आली, हिशेब, मोजणी, वेळेचं काम. जाऊ म्हणाली, "अक्का, राग मानू नको, पण कुणाकडनं पैसे आणायला मी तुला कधीच पाठवणार नाही. तू चहा पिऊन परत येशील." मी राग नाही मानला. उलट तिच्याकडे बघत राहिले, कारण ही बाई भिशीचे अडकलेले पैसे समोरच्याच्या दारात खुर्ची टाकून हसत हसत आणते आणि पुढच्या महिन्यात तीच माणसं तिला हळदीकुंकवाला बोलावतात. माझ्या घरातच होती ती, आणि दुकान काढलं तेव्हा तिला विचारायचं मला सुचलं नव्हतं.

त्याच काळात मी उद्योजकता विकास केंद्राचं, म्हणजे एमसीईडीचं शिबिर केलं. तिथे डेव्हिड मॅक्लेलँड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाबद्दल कळलं. याने १९६० च्या दशकात आंध्रात, काकीनाडाला, छोट्या व्यावसायिकांना प्रशिक्षण देऊन प्रयोग केला होता, काहीतरी करून दाखवायची जी आतली ओढ असते ती प्रशिक्षणाने वाढते का ते बघायला. म्हणजे ही ओढ जन्माने ठरलेली नसते, वाढवता येते, असं तो मानत होता. मला हे ऐकून केवढा धीर आला. त्याचा रिंगचा खेळ पण प्रसिद्ध आहे, खुंटीवर रिंग टाकायची, किती लांबून टाकायची ते तुम्ही ठरवायचं. ज्यांना ती ओढ जास्त ते अगदी जवळ पण उभे राहत नाहीत आणि फार लांब पण नाहीत, मधलं अंतर घेतात, जिथून नेम धरला तर लागेल पण सहज नाही. आपल्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर रिंग टाकायचे स्टॉल असतात ना, तिथे अंतर दुकानदाराने ठरवलेलं असतं. स्वतःच्या धंद्यात ते आपणच ठरवायचं असतं, आणि मी पहिल्यांदा फारच लांब उभी राहिले होते, दुकान, होलसेल, ३ जिल्हे, सगळं एकदम.

भाच्याला मी अजून एक सांगितलं ज्याने त्याचा चेहरा खुलला. त्याच्या निकालात त्याचे मार्क मुख्य करून एका कारणाने कापले होते, की तो अंतर्मुख आहे, माणसांत बोलका नाही. आता २००६ मध्ये झाओ आणि सायबर्ट या दोन संशोधकांनी आधीचे पुष्कळ अभ्यास एकत्र करून उद्योजक आणि मॅनेजर लोकांच्या स्वभावाची तुलना केली होती. उद्योजक कामात काटेकोर जास्त, नवीन गोष्टींना मोकळे जास्त, चिंतेने कमी खचणारे, आणि दुसऱ्याच्या मनाप्रमाणे वागण्यात थोडे कमी. आणि बोलकेपणात? काही फरक नाही. आपल्याकडे मात्र पोरगं बडबडं असलं की लगेच म्हणतात हा धंदा करेल, आणि गप्प असलं की याला नोकरीच बरी. किती पोरांचं नुकसान झालं असेल यात. त्यातलं शेवटचं, दुसऱ्याच्या मनाप्रमाणे वागण्याचं, ते वाचलं तेव्हा मला माझ्या उधारीच्या कोऱ्या रकान्याचं नावच सापडलं. अर्थात हे सरासरीचं झालं, एकट्या माणसाचं भविष्य त्यात नसतं. मी आजही समोरच्याचं मन राखतेच, पण आता वसुली माझ्याकडे नाही.

आणि सरस सरस्वती, मूळच्या आपल्याकडच्या, अमेरिकेत प्राध्यापक आहेत. त्यांनी २७ अनुभवी उद्योजकांना एकच काल्पनिक धंदा दिला आणि विचार मोठ्याने बोलत बोलत करा म्हणाल्या. २००१ मध्ये त्यावरचं त्यांचं संशोधन छापून आलं. ही मुरलेली माणसं आधी मोठं ध्येय ठरवून त्याच्यामागे धावत नव्हती, तर मी कोण, मला काय येतं, माझ्या ओळखीत कोण, इथून सुरुवात करत होती. आणि किती मिळेल यापेक्षा किती गेलं तर मला चालेल हे आधी बघत होती. मला हे वाचून आपल्या आज्या आठवल्या, घरात काय आहे ते बघून स्वयंपाक करणाऱ्या.

तर मी तसंच मांडलं. मी कोण, काटेकोर बाई. मला काय येतं, हिशेब, कापडाची पारख, साइजचे तक्ते. ओळखीत कोण, कटिंग मास्तर, ९ कारागीर बायका ज्या घरी मशीन चालवायच्या, आणि धाकटी जाऊ. किती गेलं तर चालेल, यावर नवऱ्यासोबत ३ रविवार बसलो. त्यांचा पगार चालू होता, घरचा खर्च त्यातून भागत होता, मुलांच्या फीचे पैसे वेगळे काढले, त्याला हात नाही. उरलं त्यातून दीड लाख. दीड लाख गेले तरी आम्ही जेवणार, मुलं शिकणार, एवढं नक्की झाल्यावर सुरू केलं. या गणिताला मी स्वभाव ओळखण्याचाच भाग मानते, कारण तोच माणूस पोटापुरतं सुरक्षित असला की धाडसी असतो आणि ईएमआय थकला की चुकीचे निर्णय घेतो. नव्या युनिटच्या मशिनींसाठी पीएमईजीपीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या रोजगार योजनेचं कर्ज केलं, त्यात महिलांना स्वतःचे ५ टक्केच घालावे लागतात आणि सबसिडी मिळते, पण ती सबसिडी ३ वर्षं बँकेतच ठेव म्हणून अडकलेली असते, हातात येत नाही. सबसिडी मिळते म्हणून धंदा करू नका एवढंच सांगते, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

२०१८ ला ४ मशिनींवर सुरू केलं. जाऊला २० टक्के हिस्सा दिला, कागदावर, स्टॅम्प पेपरवर. घरात काहींना ते आवडलं नाही, घरातल्या घरात कशाला कागद असं म्हणणं होतं, पण माझं म्हणणं होतं की ती माझी उणीव भरून काढायलीय, ते फुकटचं काम नाही. ऑर्डर आणणं आणि पैसे आणणं तिचं, माल वेळेत आणि मापात देणं माझं. शाळेचे पैसे जूनचे दिवाळीला येतात या धंद्यात, कधी कधी संक्रांतीला. ती जाते, बसते, घेऊन येते.

गुण आहे म्हणून तो सगळीकडे गुणच राहतो असं पण नाही, हे मला २०१९ च्या सीझनला कळलं. मी प्रत्येक कॉलर तपासायचे, शिलाई अर्धा सूत वाकडी असली तरी उसवायला लावायचे. बायका नगावर काम करतात, उसवण्यात त्यांचा वेळ गेला की त्यांची मजुरी जाते. ऐन मे महिन्यात दोघी सोडून गेल्या, त्यातली एक माझ्या पहिल्या चौघींपैकी होती. मी तिच्या घरी गेले, दाजी पेठेत, तिने चहा दिला आणि म्हणाली, "ताई, तुमचं बरोबर असतंय, पण तुमच्या बरोबरपणाचे पैसे आमच्या मजुरीतनं जातात." मी मान खाली घालून ऐकलं. तेव्हापासून उसवायचा वेळ मी वेगळा धरते, त्याची मजुरी देते, आणि तपासणी शेवटी न करता पहिल्या ५ नगांवर करते म्हणजे चूक पुढे जातच नाही. ती परत आली, आज आमच्याकडे सुपरवायझर आहे. पण हे कुठल्या टेस्टमध्ये मला आधी कळलं असतं? काम करतानाच कळलं.

२०२० मध्ये शाळाच उघडल्या नाहीत. कापलेला माल पडून, पैसे अडकलेले. सगळे विचारायचे झोप लागते का तुला. लागायची. खरंच लागायची, आणि याचं मलाच नवल वाटायचं, कारण दुकानात ५०० रुपयांच्या घासाघिशीने माझं डोकं धरायचं आणि इथं लाखाचा माल पडलाय तरी मी सकाळी उठून आज कुणाला फोन करायचा ते लिहायचे. आम्ही मास्क शिवले, हॉस्पिटलचे गाऊन शिवले, मजुरी थांबू दिली नाही. माझ्यात ही ताकद आहे हे मला ४० व्या वर्षी कळलं. आज १४ मशिनी आहेत.

आता भाच्याचं. मी त्याला म्हटलं नोकरी सोडायची नाही आत्ता. ३ शनिवार-रविवार सोलापूरला ये, विजापूर रोडवरच्या एका बचत गटाकडून दर वेळी ४० पॅकेट कडक भाकरी आणि चटणी घे, पुण्यात वीक, आणि एक वही ठेव. काय केलं, काय करायचं होतं आणि केलं नाही, कशाचा कंटाळा आला, कशात रात्र झालेली कळली नाही. विक्री किती झाली ते मला सांगू नकोस, वही दाखव. त्याला वाटलं मावशी नोकरी टिकवायला सांगायलीय. तसं नव्हतं. त्याचा पगार चालू आहे तोवर त्याला स्वतःचा स्वभाव शांत डोक्याने बघता येईल, पगार बंद झाल्यावर फक्त भीती दिसेल.

मागच्या रविवारी तो वही घेऊन आला. आम्ही युनिटमध्ये कटिंग टेबलावरच बसलो, मास्तर पण होते. पहिल्या खेपेला ४० पैकी ११ पॅकेटांतल्या भाकऱ्या मोडल्या होत्या, तर याने ३ प्रकारचं पॅकिंग करून बघितलं, कुठल्या डब्यात किती मोडल्या ते लिहिलं, दुसऱ्या खेपेला ६, तिसऱ्या खेपेला २. पुट्ठ्याचे तुकडे कापताना रात्रीचे २ वाजलेले. आणि मला ज्याची धास्ती होती, उधारी, तो रकाना उघडला तर दोन दुकानं, चार ऑफिसातले मित्र, सगळ्यांपुढे तारीख, फोन केला, पैसे आले. एका दुकानदाराला दोनदा फोन. मी विचारलं अवघड नाही का वाटलं? तो म्हणाला, "त्यात काय मावशी, माल दिला की." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, अंतर्मुख म्हणून ज्याचे मार्क कापले त्या पोराने अनोळखी १७ माणसांशी बोलून माल विकला होता, बडबड न करता, मेसेजवर, नीट, मुद्द्याचं.

पण तिन्ही शुक्रवारी एकच गोष्ट होती. गटाच्या बायकांना त्याने ऑर्डर शुक्रवारी रात्री गाडीतून फोन करून दिलेली, उद्या सकाळी ४० पाहिजेत म्हणून. तिसऱ्या खेपेला त्यांनी २५ च दिल्या आणि वहीत याने लिहिलंय, "गटवाल्या वेळ पाळत नाहीत." मास्तरांनी ते वाचलं, चष्मा वर केला आणि त्याला विचारलं, "बाळा, कडक भाकरी वाळायला किती वेळ लागतो माहिताय का?" त्याला माहीत नव्हतं. त्याने कधी विचारलंच नव्हतं.

तिथूनच त्याने गटाच्या ताईंना फोन लावला, स्पीकरवर. ताई म्हणाल्या, "बुधवारी दुपारपर्यंत सांगत जा की बाबा, ज्वारी दळायला टाकावी लागते, थापायच्या, मग तव्यावर दाबून दाबून कडक करायच्या, तीन बायका लागतात. शुक्रवारी रात्री सांगितल्यावर आम्ही काय झोपायचं नाही का?" तो दोनदा सॉरी म्हणाला. मग "गटवाल्या वेळ पाळत नाहीत" ही ओळ त्याने खोडली आणि खाली लिहिलं, बुधवार दुपार १२, ऑर्डर.

सोमवारी पहाटे साडेसहाच्या हुतात्माने तो गेला, खोका मांडीवर घेऊन. बुधवारी ११ वाजून ४० मिनिटांनी ताईंचाच मला फोन आला, पोराने ६० सांगितल्यात, खरंच पाहिजेत ना.